जंगलासाठी दुर्बीण निवडताना: आकडे कसे वाचायचे आणि दुकानात काय तपासायचं

दुर्बीण घ्यायला गेलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "किती लांबचं दिसतं?" प्रश्न साहजिक आहे, पण त्याच्या उत्तरावरून निवड केली की बहुतेक वेळा पैसे वाया जातात. लांबचं तर नुसत्या डोळ्यांनाही दिसतं. चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. विचारायचं ते असं: तिन्हीसांजेला, पाणवठ्यापलीकडच्या जांभळीच्या सावलीत बसलेलं जनावर माझ्या हातात, माझ्या चष्म्यासकट, स्पष्ट दिसेल का? या एका प्रश्नात मोठेपणा, उजेड, हाताचा कंप आणि डोळ्याचं अंतर हे सगळं येतं.

परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बऱ्याच दुर्बिणी 'हंटिंग'साठी म्हणून दाखवलेल्या असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषय संपला. तरी ती माहितीपत्रकं बाजूला टाकू नका. शिकाऱ्याला जे हवं असतं तेच जंगल पाहणाऱ्यालाही हवं असतं: झुंजुमुंजू आणि संधिप्रकाशात दिसणं, पावसाधुक्यात टिकणं, तासन्‌तास गळ्यात वागवता येणं. ताडोबाच्या सफारीत, भीमाशंकरच्या रानात किंवा नान्नजच्या माळावर याहून वेगळं काही लागत नाही.

आधी जागा ठरवा, मग दुर्बीण

दाट झाडी, सह्याद्रीची सदाहरित रानं, जिप्सीतली सफारी: इथे ८ पट मोठं दाखवणारी दुर्बीण. पक्षी पानांआडून क्षणभर दिसतो, जनावर रस्ता ओलांडून जातं. अशा वेळी झटकन सापडणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी रुंद दृश्य लागतं.

उघडा माळ, धरणाची फुगवट्याची पाणथळ, खाडी: इथे १० पट चालते. भिगवणला उजनीच्या पाण्यात दूरवर बसलेले पट्टकादंब किंवा चिखलातले तुतारी ओळखायचे तर त्या जास्तीच्या दोन पटींचा थोडा उपयोग होतो. थोडाच, कारण हिशेब असा आहे: २०० मीटरवरचं जनावर ८ पटींतून २५ मीटरवर असल्यासारखं दिसतं आणि १० पटींतून २० मीटरवर. फरक ५ मीटरचा. त्याच्या बदल्यात हाताचा कंपही १० पट होतो, दृश्य अरुंद होतं आणि उजेड कमी होतो. एकच दुर्बीण घ्यायची असेल आणि मनात शंका असेल तर ८ पटच घ्या. १२ पटींच्या वरची दुर्बीण तिपाईशिवाय हातात स्थिर राहत नाही, आणि तिपाई लावायचीच तर पाणपक्ष्यांसाठी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची, जास्त पटींची एकनळी दुर्बीण) घेतलेला बरा.

८×४२ म्हणजे काय

पहिला आकडा पटींचा. दुसरा आकडा पुढच्या, म्हणजे जनावराकडच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४२ ÷ ८ = ५.२५. डोळ्याकडच्या भिंगातून प्रकाशाची जी शलाका बाहेर पडते तिचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली की डोळ्याकडच्या भिंगांत दोन पांढरे ठिपके दिसतात, ते हेच. इंग्रजी माहितीपत्रकात याला एक्झिट प्युपिल म्हणतात.

या आकड्याची सांगड आपल्या डोळ्याच्या बाहुलीशी घालायची. भर दुपारी बाहुली २ ते ३ मिलिमीटर असते, त्यामुळे खिशात मावणारी १०×२५ (ठिपका २.५) आणि मोठी १०×४२ (ठिपका ४.२) उन्हात सारख्याच उजळ वाटतात. दुकानात लख्ख दिव्यांखाली लहान दुर्बीण छान दिसते ती यामुळेच, आणि सफारीच्या शेवटच्या अर्ध्या तासात तीच काळोखी होते. अंधार पडू लागला की तरुण डोळ्याची बाहुली ६-७ मिलिमीटरपर्यंत मोठी होते. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची ५ च्या आसपासच थांबते. म्हणून साठीच्या माणसाने ७ मिलिमीटरच्या ठिपक्यासाठी जड ८×५६ घेण्यात फारसा अर्थ नाही. जास्तीचा प्रकाश बाहुलीच्या कडेवर पडून वाया जातो. ८×४२ चा ५.२५ चा ठिपका जवळजवळ सगळ्या वयांना पुरतो, आणि ती सगळीकडे चालते याचं खरं कारण हेच.

८×५६ मुळात युरोपातल्या मचाणांवर रात्री बसणाऱ्या शिकाऱ्यांसाठी रूढ झाली. आपल्याकडे वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला अनेक अभयारण्यांत मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद होते. वर्षातल्या तेवढ्या एका रात्रीसाठी किलोभराची दुर्बीण घेऊ नका. चांगल्या भिंगांची ८×४२ चांदण्यात अस्वल आणि रानडुक्कर वेगळे ओळखण्याइतकं दाखवते.

माहितीपत्रकात 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा आणखी एक आकडा असतो. दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की तो मिळतो: ८×४२ चा १८.३, १०×४२ चा २०.५. भिंग कसं आहे, त्यावर परावर्तन कमी करणारा लेप आहे की नाही, यातलं काहीच त्या हिशेबात येत नाही. हलक्या प्रतीच्या काचेच्या १०×५० चाही तो २२.४ भरतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा.

डोंगर चढून जाणाऱ्यांसाठी ८×३२ हा उत्तम मध्यम मार्ग आहे. वजन साधारण ४५० ते ६०० ग्रॅम. ८×४२ चं ६०० ते ८०० ग्रॅम. हरिश्चंद्रगडाच्या चढावर हे दीड-दोनशे ग्रॅम मानेला जाणवतात. मोबदला असा की ३२ च्या भिंगात ४२ च्या मानाने जेमतेम साठ टक्के प्रकाश शिरतो. सकाळी आठनंतर ते जाणवत नाही, पहाटे साडेपाचला जाणवतं.

दृश्याची रुंदी: सगळ्यात दुर्लक्षित आकडा

दुर्बिणीवर '८.०°' किंवा '१४० मीटर / १००० मीटर' असं छापलेलं असतं. १००० मीटर अंतरावर किती रुंद पट्टा एका नजरेत मावतो, ते हे. १ अंश म्हणजे सुमारे १७.५ मीटर.

एकाच कंपनीच्या, एकाच ८×४२ आकाराच्या दोन दुर्बिणींतही इथे किती अंतर पडतं पाहा. निकॉन मोनार्क एम ५ मध्ये ६.४ अंश, म्हणजे ११२ मीटर. मोनार्क एम ७ मध्ये ८.३ अंश, म्हणजे १४५ मीटर. नवख्या माणसाची नेहमीची तक्रार, "डोळ्यांना दिसतो, पण दुर्बिणीत सापडतच नाही," बरीचशी इथून येते. फांद्यांमधून उड्या मारणारा वटवट्या अरुंद दृश्यातून सतत निसटतो. ८ पटींत ७.५ अंशांच्या वर असेल तर उत्तम. १० पटींत ६ ते ६.५ मिळाले तरी ठीक.

त्याच ओळीत सगळ्यात जवळचं फोकस किती, तेही वाचा. फुलपाखरं आणि चतुर पाहणाऱ्यांना २ ते २.५ मीटर लागतं. नाहीतर पायाशी बसलेलं नीलवंत पाहायला दोन पावलं मागे सरकावं लागतं आणि तेवढ्यात ते उडून जातं.

चष्मा असेल तर

डोळ्याकडच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवून पूर्ण दृश्य दिसतं, त्या अंतराला आय रिलीफ म्हणतात. चष्मा नसेल तर १२ मिलिमीटरही पुरतात. चष्मा असेल तर किमान १५ हवेत, १७ च्या पुढे असतील तर निर्धास्त. छापील आकडा भिंगाच्या काचेपासून मोजलेला असतो आणि रबरी कडा काचेच्या वर २-३ मिलिमीटर उचललेली असते. तेवढे हाती येत नाहीत. अंतर अपुरं असेल तर किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं मधलं वर्तुळच दिसतं, आणि रुंद दृश्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

रबरी कडा फिरवून वर-खाली होणारी असावी. चष्मा लावणाऱ्याने ती पूर्ण खाली ठेवायची, न लावणाऱ्याने पूर्ण वर. ती नीट ठेवली नाही की दृश्यात काळे चंद्रकोरीसारखे डाग सरकतात, आणि लोक दुर्बीण खराब आहे असं समजतात. फक्त लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढूनही फोकस होतो. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर होत नाही, चष्मा ठेवावाच लागतो.

मुलांसाठी घेत असाल तर आणखी एक माप. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर असतं. बऱ्याच दुर्बिणी ५६ च्या खाली मिटत नाहीत. सात-आठ वर्षांच्या मुलाला अशी दुर्बीण दिली की त्याला दोन वेगळी वर्तुळं दिसतात, मग ते एका डोळ्याने पाहतं आणि कंटाळतं. आरशासमोर पट्टी धरून अंतर मोजा आणि मगच घ्या.

पोरो की रूफ

भिंगातून चित्र उलटं येतं. ते सुलटं करायला आत लोलक असतात. नागमोडी खांद्यांची, जुन्या पद्धतीची दिसते ती पोरो; १८५४ साली पेटंट घेणाऱ्या इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाचं नाव तिला आहे. सरळ नळ्यांची ती रूफ. रूफ सुटसुटीत असते आणि पाण्यापासून बंदिस्त करायला सोपी, पण तिचे लोलक बनवायला महाग. बहुतेकांत त्यातल्या एका पृष्ठभागावर आरशाचा लेप द्यावा लागतो, शिवाय लोलकात झालेले प्रकाशाचे दोन भाग पुन्हा जुळवताना चित्र भुरकट होऊ नये म्हणून 'फेज कोटिंग' लागतं. झाइसने १९८८ मध्ये ते आणलं, तोवर चांगली पोरो रूफपेक्षा सरस असायची.

यावरून सरळ नियम निघतो. बजेट १० हजारांच्या आत असेल तर पोरो घ्या. त्या किमतीच्या रूफमध्ये कुठेतरी काटछाट केलेली असते. मात्र स्वस्त पोरोत बहुधा पाण्यापासून संरक्षण नसतं आणि चष्म्याला अंतर कमी असतं. उदाहरणार्थ निकॉन अ‍ॅक्युलॉन ए २११ ची ८×४२: दृश्य ८ अंश, म्हणजे भरपूर, पण आय रिलीफ १२ मिलिमीटर, जवळचं फोकस ५ मीटर, वजन ७५५ ग्रॅम. चष्मा नसलेल्या, हिवाळ्या-उन्हाळ्यात फिरणाऱ्या माणसाला ती छान. पावसाळ्यात आंबोलीला बेडूक पाहायला जाणाऱ्याला नाही.

रूफ घेताना माहितीपत्रकात हे शब्द शोधा: लोलकांसाठी बॅक-४ काच, 'फेज कोटिंग', आरशाच्या लेपासाठी 'डायइलेक्ट्रिक' (९९ टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकतो, साधा अ‍ॅल्युमिनियमचा लेप त्याहून बराच कमी), आणि भिंगांसाठी 'फुली मल्टिकोटेड'. या शेवटच्या शब्दांवर अडून बसा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि दुर्बिणीत असे दहाहून जास्त पृष्ठभाग असतात. नुसतं 'कोटेड' किंवा 'मल्टिकोटेड' लिहिलं असेल तर काही पृष्ठभाग कोरे सोडले आहेत असं धरून चाला. ईडी (रंग कमी फाकवणाऱ्या) काचेमुळे उजळ आकाशापुढच्या गरुडाच्या कडांना जांभळी-हिरवी झालर कमी दिसते. ती असावी, पण रुंदी आणि चष्म्याचं अंतर यांच्यानंतर.

दुकानात तपासणी, याच क्रमाने

दुर्बीण दाखवणारा माणूस ती समोरच्या भिंतीवर रोखून देतो. तुम्ही ती घेऊन दारात या.

१. दोन्ही नळ्या हलवा. मधली बिजागरी घट्ट हवी, एक नळी आपोआप खाली झुकायला नको. फोकसचं चाक दोन्ही दिशांना फिरवा. दिशा बदलताना ते रिकामं फिरत असेल तर आतले आटे सैल आहेत. रानात फोकस नेहमी थोडं पुढे-मागे जात राहील.

२. दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे करा, सूर्याकडे मुळीच नाही. डोळ्याकडच्या भिंगांतले ठिपके पूर्ण गोल हवेत. कडा चौकोनी कापल्यासारख्या, करड्या दिसल्या तर लोलक हलक्या प्रतीच्या काचेचे किंवा लहान आहेत.

३. तो ठिपका पट्टीने मोजा. दुर्बिणीवर '३०×६०' छापलं आहे आणि ठिपका ५ मिलिमीटर भरतो, तर ३० पट हे खोटं आहे. ६० ÷ ५ म्हणजे फार तर १२ पट. फुटपाथवर आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच दुर्बिणी या एका मोजमापात उघड्या पडतात.

४. पुढच्या भिंगांत छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. हिरवट-जांभळट, मंद दिसलं तर लेप आहे. पांढरं लख्ख दिसलं तर नाही. भिंग लालभडक आरशासारखं चमकत असेल तर दुर्बीण तिथेच ठेवा. तो लेप लाल प्रकाश बाहेर फेकतो, चित्र निळसर-हिरवं आणि काळपट होतं, आणि शेकरूच्या तांबूस रंगाची ओळख पटत नाही.

५. सगळ्यात महत्त्वाचं: दोन्ही नळ्या एकाच दिशेला पाहतात का? दूरची आडवी रेघ शोधा, विजेची तार किंवा गच्चीचा कठडा. फोकस करा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू १०-१५ सेंटिमीटर मागे घ्या. दोन वर्तुळांतली रेघ एकाच पातळीत राहिली पाहिजे. एक वर, एक खाली झाली तर जुळणी बिघडली आहे. मेंदू ती चूक काही मिनिटं सांभाळून घेतो, म्हणून दुकानात कळत नाही. अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं. ही तपासणी प्रत्येक नगावर करा, कारण हा दोष मॉडेलचा नसून त्या नगाचा असतो, आणि वाहतुकीत आदळल्यानेही येतो.

६. फोकस करून दृश्याच्या कडेला पाहा. कडेचा थोडा भाग धूसर असणं चालतं. मध्यापासून अर्ध्यातच धूसर व्हायला लागलं तर नको.

७. सावलीतली पाटी वाचा: गाडीखालचा, जिन्याखालचा मजकूर. उन्हातली पाटी कुठल्याही दुर्बिणीतून वाचता येते. जमलं तर संध्याकाळी साडेसहानंतर दुकानात जा, तुलना प्रामाणिक होते.

ऑनलाइन मागवली असेल तर २, ३ आणि ५ या तपासण्या पहिल्याच दिवशी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

झूमची दुर्बीण, जिच्यावर '१०-३०×५०' असं लिहिलेलं असतं, घेऊ नका. झूम वाढवलं की ठिपका दीड-दोन मिलिमीटरवर येतो, दृश्य अंधारं आणि अरुंद होतं, आणि दोन्ही बाजूंची हलती भिंगं एकसारखी राहत नाहीत. फोकसचं चाकच नसलेली 'फिक्स्ड फोकस'ही नको. ती क्रिकेटच्या मैदानापुरती.

डोळ्यांना जुळवून घेणं

दोन्ही डोळ्यांचा नंबर क्वचितच सारखा असतो. म्हणून उजव्या डोळ्याकडच्या भिंगावर (काहींत मधल्या चाकापाशी) एक वेगळी कडी असते. हे एकदाच करायचं काम आहे आणि बहुसंख्य लोक ते कधीच करत नाहीत.

आधी नळ्या दुमडून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. ३०-४० मीटरवरची बारीक खुणांची वस्तू निवडा, सुकलेली फांदी चालेल. उजव्या बाजूच्या पुढच्या भिंगावर तळहात धरा. डोळा मिटू नका, मिटला की दुसऱ्याही डोळ्यावर ताण येतो. मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं फोकस करा. आता हात डाव्या भिंगावर न्या आणि चाकाला न लावता फक्त कडी फिरवून उजव्या डोळ्याचं करा. हात काढा. फांदी एकदम उठून दिसली पाहिजे. कडीवर कुठली खूण आली ती लक्षात ठेवा, कारण दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की कडी हमखास सरकते.

जिप्सीत आणि पायवाटेवर

नजर पक्ष्यावरच ठेवा आणि दुर्बीण डोळ्यांपुढे आणा. दुर्बिणीकडे पाहून मग पक्षी शोधू नका. जवळची खूण धरा: वठलेला साग, त्याची डावी फांदी, तिचं टोक. चालताना फोकस २०-२५ मीटरवर लावून ठेवलं की अचानक दिसलेल्या तांबटासाठी चाक जेमतेम बोटभर फिरवावं लागतं.

जिप्सीचं इंजिन चालू असेल तर ८ पटही थरथरते. चालकाला इंजिन बंद करायला सांगा. कोपर छातीशी टेकवा. लोखंडी दांड्यावर थेट दुर्बीण टेकवू नका, मध्ये टोपी किंवा गमछा ठेवा. मे महिन्यात चंद्रपूरकडे सकाळी दहानंतर तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दूरचं काहीच स्थिर दिसत नाही. तेव्हा जास्त पटींनी ती लहरच मोठी होते. दुर्बिणीला दोष देऊ नका, सावलीतलं जवळचं पाहा.

गळ्यातला बारीक पट्टा काढून खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावा. ७०० ग्रॅम वजन मानेवरून पाठीवर जातं आणि वाकताना दुर्बीण दगडावर आपटत नाही. जुळणी बिघडण्याचं मोठं कारण अशी आपटणीच असते.

पावसाळा आणि बुरशी

'वॉटरप्रूफ' शब्दापुढे आकडा शोधा. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेला असेल तर आतून धुकं धरत नाही. बाहेरून धरतंच: एसी गाडीतून थेट कोकणच्या दमट हवेत काढलेली दुर्बीण मिनिटात पांढरी होते. बाहेर काढण्याआधी १५-२० मिनिटं बॅगेतच राहू द्या.

बुरशी ही आपल्या हवामानातली दुर्बिणीची खरी वैरी आहे. दमट कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे उगवतात, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर त्यांच्यातून निघणारं आम्ल लेप खातं. तो पुन्हा येत नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा घ्या, रंग बदलणारं सिलिका जेल त्यात ठेवा, जमलं तर लहान आर्द्रतामापकही. आर्द्रता ४० ते ५० टक्के असू द्या. जेलचा रंग उतरला की कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. दुर्बीण ओली असताना डब्यात घालू नका. रात्रभर पंख्याखाली ठेवा, झाकणं काढून.

पुसण्याचा क्रम: आधी फुंकणी, मग मऊ ब्रश, मग भिंगाचा कागद किंवा मायक्रोफायबर, जरासा श्वास सोडून, मधून कडेकडे. शर्टाच्या टोकाने धूळ पुसणं म्हणजे भिंगावर वाळू घासणं. समुद्रकाठून आलात तर आधी ओलसर कापडाने बाहेरचं मीठ टिपून घ्या. थिनर, पेट्रोल कधीही नको. रबर आणि लेप दोन्ही जातात. आतल्या भिंगावर बुरशी दिसली तर स्वतः स्क्रू उघडू नका. नायट्रोजन निघून जातो, लोलक हलतात आणि पाचव्या तपासणीतली ती दोन रेघांची पातळी घरच्या घरी पुन्हा जुळवता येत नाही. कंपनीच्या सेवा केंद्राकडेच पाठवा, आणि त्यासाठी खरेदीच्या वेळचं बिल आणि वॉरंटीवरचा नग क्रमांक दुर्बिणीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पैसे देण्याआधीच पाहून घ्या.